चॉकलेटच्या चवीची काळी हिवाळी बिअर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडली की बिअरच्या फडताळात काळ्या बाटल्या दिसू लागतात, आणि त्यांतल्या बऱ्याच बाटल्यांवर 'चॉकलेट' असा शब्द असतो. तो वाचून काहीजण हुरळतात, काहीजण नाक मुरडतात. दोन्ही प्रकारच्या माणसांना मी ही बिअर चाखायला दिली आहे. त्यांनी पुन्हापुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कायद्याने प्यायचं वय झालेल्यांसाठीच हे आहे, हे वेगळं सांगायला नको.

यात खरंच चॉकलेट असतं का?

कधी असतं, पुष्कळदा नसतं. बार्ली म्हणजे जव भिजवून, मोड आणून वाळवले की त्याचं माल्ट होतं. हे माल्ट फिरत्या पिंपात 200 अंश सेल्सिअसच्या वर नेऊन भाजलं की दाणा गडद तपकिरी होतो. त्याला 'चॉकलेट माल्ट' म्हणतात. नाव रंगावरून पडलंय, आत कोकोचा कणही नसतो.

तरीही बिअरला चॉकलेटचा वास येतो, आणि तो मनाचा खेळ नव्हे. भाजताना धान्यातली साखर आणि अमिनो आम्लं यांच्यात ज्या अभिक्रिया होतात, त्यांना फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मेलार्ड याचं नाव आहे. त्याने त्यांचं वर्णन 1912 मध्ये केलं. कोकोच्या बियाही आधी आंबवतात आणि मग भाजतात, म्हणजे तिथेही हाच खेळ चालतो. भाजल्याचा खरपूस वास देणारे पायराझिन गटातले पदार्थ दोन्हीकडे तयार होतात. 3-मिथिलब्युटॅनाल नावाचं संयुगही दोन्हीकडे सापडतं, आणि त्याचा वास माल्टसारखा, चॉकलेटसारखा असतो. नाकाला रेणू कळतो. तो जवातून आला की कोकोतून, याची चौकशी नाक करत बसत नाही.

नमुनाच हवा असेल तर अमेरिकेतल्या ब्रुकलिन ब्रुअरीची ब्लॅक चॉकलेट स्टाउट घ्या (स्टाउट म्हणजे भाजलेल्या माल्टची काळी बिअर). 1994 पासून हिवाळ्यासाठी निघणारी ही बिअर सुमारे 10 टक्के अल्कोहोलची आहे. नावात चॉकलेट, पण ते सगळं भाजलेल्या माल्टचं देणं. याउलट यंग्ज डबल चॉकलेट स्टाउटमध्ये चॉकलेट माल्ट आहेच, शिवाय खरं डार्क चॉकलेट आणि चॉकलेटचा अर्कही आहे. 'डबल' म्हणतात ते यासाठी.

माझं मत विचाराल तर, आगीतून आलेलं चॉकलेट मला जास्त आवडतं. अर्क घातलेल्या बिअरचा वास पहिल्या घोटाला जोरात येतो आणि तिसऱ्या घोटाला कंटाळा आणतो.

लेबलवरून कसं ओळखायचं?

घटकांची यादी वाचा. पाणी, माल्ट, हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी फुलं), यीस्ट एवढंच असेल तर चॉकलेट फक्त भाजणीतलं. कोको, कोको निब्स (कोकोच्या बियांचे तुकडे) किंवा अर्क लिहिला असेल तर वरून घातलेलं. 'लॅक्टोज' दिसलं तर बिअर थोडी गोडसर आणि दाट लागेल, हे धरून चाला.

चॉकलेट म्हणता, मग गोड का लागत नाही?

सर्वांत जास्त अपेक्षाभंग इथेच होतो. आपल्या डोक्यात चॉकलेट म्हणजे साखर. पण कोको मुळात कडू आणि तुरट असतो. शंभर टक्के कोकोची वडी तोंडात टाकून बघा, म्हणजे पटेल.

त्यात भर म्हणजे यीस्ट. बिअर आंबत असताना साखर घातली तर यीस्ट ती खाऊन टाकतं आणि तिचा अल्कोहोल आणि वायू करून ठेवतं. समजा तुम्ही माल्टच्या उकळत्या काढ्यात दोन किलो गोड चॉकलेट ढकललंत, तर साखर यीस्ट फस्त करणार आणि तुमच्या वाट्याला उरणार कडूपणा व तूप. हो, तूपच. कोकोच्या बीमध्ये साधारण निम्मी चरबी असते आणि चरबी हा फेसाचा शत्रू. म्हणून बिअर बनवणारे वडी न वितळवता चरबी काढलेली कोको पावडर वापरतात, किंवा भाजलेल्या बियांचे तुकडे, म्हणजे निब्स, बिअर आंबून झाल्यावर काही दिवस तिच्यात भिजत ठेवतात. थंड द्रवात वास उतरतो, चरबी फारशी उतरत नाही.

गोडी टिकवायची युक्ती वेगळी आहे. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, बिअरच्या यीस्टला पचत नाही. ती घातली की जशीच्या तशी राहते. अशा बिअरला मिल्क स्टाउट म्हणतात. मिल्क चॉकलेटसारखी चव हवी असणाऱ्यांनी सरळ तिच्याकडे वळावं. ओट घातलेली स्टाउटही मऊ लागते, पण तिचा मऊपणा गोडीचा नसतो, जिभेवरच्या स्पर्शाचा असतो.

स्टाउट, पोर्टर, बॉक यांत फरक काय?

पोर्टर आधीची. अठराव्या शतकात लंडनमध्ये ती रुजली, आणि ओझी वाहणाऱ्या हमालांवरून तिला नाव मिळालं. तिच्यातल्या जोरदार प्रकाराला 'स्टाउट पोर्टर' म्हणत. पुढे 'पोर्टर' गळून नुसतं 'स्टाउट' राहिलं. आज दोघींमधली सीमा इतकी पुसट आहे की बनवणाऱ्याने जे नाव दिलं ते खरं मानायचं.

तिचा काळा रंग कसा आला, ही गोष्ट मला फार आवडते. सुरुवातीची पोर्टर तपकिरी माल्टची होती. मग द्रवात साखर किती ते दाखवणारं हायड्रोमीटर आलं, आणि मोजल्यावर लक्षात आलं की फिक्या माल्टमधून साखर कितीतरी जास्त मिळते. हिशेबी मंडळी फिक्या माल्टकडे वळली, पण मग बिअरला गडद रंग येईना, अशी पंचाईत. जळकी साखर वगैरे घालून रंग आणायची सोय 1816 च्या ब्रिटिश कायद्याने बंद केली, कारण बिअरमध्ये माल्ट आणि हॉप्सखेरीज काही घालायला मनाई झाली. पुढच्याच वर्षी, 1817 मध्ये, डॅनियल व्हीलरने कॉफी भाजण्याच्या यंत्रासारखं पिंप वापरून माल्ट न पेटवता काळंभोर भाजायची रीत पेटंट केली. मूठभर काळ्या माल्टने पिंपभर फिकी बिअर काळी होऊ लागली. आजच्या चॉकलेट स्टाउटची आजी ती.

बॉक मात्र वेगळ्या घराण्यातली, जर्मन. ती लागर आहे, म्हणजे तिचं यीस्ट थंडीत सावकाश काम करतं. तिच्यात जळकट कडूपणा कमी आणि ब्रेडच्या खरपूस कडेची चव जास्त. तिच्यात कोको घातला की चॉकलेट बॉक होते. अमेरिकेतल्या सॅम्युअल ॲडम्सची चॉकलेट बॉक अशीच कोको निब्सवर मुरवलेली होती. ज्यांना स्टाउट करपट लागते त्यांना बॉक द्या.

काळी म्हणजे कडक का?

नाही. रंग माल्टच्या भाजणीवर ठरतो, अल्कोहोल साखरेच्या प्रमाणावर. नळावरची काळी आयरिश गिनेस साधारण 4.2 टक्क्यांची असते, तर सोनेरी बेल्जियन ट्रिपल 8-9 टक्क्यांपर्यंत जाते. रंगावर विसंबून राहिलात तर सोनेरी बिअरच तुम्हाला आडवं करेल.

आणि ती खरोखर काळीही नसते. ग्लास दिव्यासमोर तिरका धरा, कडेला माणकासारखी लाल झाक दिसेल.

हिवाळ्यातच का पितात? ऊब येते म्हणून?

जड, दाट, जास्त अल्कोहोलची बिअर सावकाश प्यायची असते, आणि सावकाश पिण्याला थंडीची संध्याकाळ बरी. उन्हाळ्यात घशाला पाणीदार काहीतरी हवं असतं. कारण एवढंच.

ऊब मात्र फसवी आहे. अल्कोहोलने कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुगतात, गरम रक्त वर येतं आणि अंग तापल्यासारखं वाटतं. त्याच वेळी शरीराची आतली उष्णता कातडीवाटे बाहेर पळत असते. म्हणून 'थंडी घालवायला' पिऊन कडाक्याच्या थंडीत बाहेर फिरायला जाऊ नका. आत बसून प्या.

किती थंड करून प्यायची?

बर्फासारखी थंड नको. साधारण 10 ते 14 अंश सेल्सिअस बरं, आणि बिअर जितकी जोरदार तितकी वरच्या आकड्याकडे झुकवा. घरचा फ्रिज साधारण 4 अंशांवर असतो, तेव्हा बाटली अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा.

थंडीने वासाचे रेणू उडत नाहीत आणि जिभेला गोडी नीट कळत नाही. वर राहतो तो कडूपणा आणि वायूचा चावरेपणा. माझी पहिली चॉकलेट स्टाउट मी फ्रिजमधून काढून सरळ तोंडाला लावली होती आणि ही तर गार कॉफी, तीही शिळी, असं म्हणून निम्मी टेबलावर सोडून दिली. तासाभराने ग्लास धुवायला उचलला, तर त्यातून कोको, मनुका आणि काकवीचा वास येत होता. वायू उडून गेला होता, तरी ती मी उभ्यानेच संपवली.

घाई झाली म्हणून फ्रीझरमध्ये टाकायची असेल तर घड्याळ लावा. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, आणि बाटलीला ते मान्य नसतं.

ग्लास कोणता हवा?

पोट फुगीर आणि तोंड आवळलेलं, ट्यूलिपच्या किंवा ब्रँडीच्या ग्लाससारखा. वास आत कोंडून राहतो. तो नसेल तर वाइनचा ग्लास उत्तम. आकारापेक्षा स्वच्छता महत्त्वाची. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर फेस दोन मिनिटांत बसतो आणि दोष बिचाऱ्या बिअरवर येतो. बाटलीतून थेट पिणार असाल तर हे पान वाचायची गरज नव्हती.

नीट चाखायची कशी?

आधी तोंड साफ हवं, पण टूथपेस्टने नव्हे. पुदिन्याच्या पेस्टनंतर काहीही चाखलं तरी ते बिघडलेलं लागतं. साधं पाणी आणि कोरा ब्रेड पुरे. अंगावर अत्तराचा मारा नको. शेजारच्याच्या नाकाचाही विचार करा.

ग्लास तिरका धरून ओता, अर्धा झाला की सरळ करा, वर दोन बोटं फेस येऊ द्या. फेसाचा रंग बघा. गडद स्टाउटचा फेस पांढरा नसतो, दुधाळ कॉफीसारखा असतो.

मग नाक. ग्लास हलकेच फिरवून दोन-तीन छोटे हुंगे घ्या, लांबलचक श्वास नको. पहिल्या हुंग्यात जे येतं ते लगेच मनाशी म्हणा, कारण नाक फार लवकर सरावतं आणि मग तोच वास कळेनासा होतो. 'चॉकलेट' एवढ्यावर थांबू नका, कोणतं ते शोधा. कोरडी कोको पावडर? दुधाचं चॉकलेट? की करपलेल्या केकचा तळ? कॉफी, भाजलेले बदाम, मनुका, अंजीर, ज्येष्ठमध, व्हॅनिला हे शेजारी बहुधा आसपास सापडतात. व्हॅनिला ठळक असेल तर बिअर ओकच्या पिंपात मुरलेली असण्याची शक्यता आहे.

पहिला घोट फक्त ओळखीचा. तो तोंडभर फिरवा, गिळा आणि सोडून द्या. मत दुसऱ्या घोटानंतर. गोड टोकावर, कडू मागे, असा जिभेचा जो नकाशा शाळेत दाखवतात तो चुकीचा आहे, सगळ्या चवी सगळीकडे कळतात. तेव्हा घोट कुठे धरायचा याची चिंता नको. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. घशाच्या मागून वास नाकात चढतो आणि चॉकलेट खरं तिथे कळतं. जीभ फक्त गोड-कडू-आंबट सांगते, उरलेलं सगळं नाक सांगतं.

यानंतर गिळल्यावर काय मागे राहतं ते बघा. कोकोसारखा सुका तुरटपणा राहिला तर चांगलं. कोळसा चघळल्यासारखं वाटलं तर भाजणी हाताबाहेर गेली आहे.

आणि आता थांबा. दहा मिनिटांनी पुन्हा हुंगा. या बिअरमध्ये मला सांगण्यासारखी एकच गोष्ट वाटते, ती ही : ग्लास तापत जातो तशी ती दर दहा मिनिटांनी वेगळी होते. गार असताना कॉफी पुढे, कोमट होताना चॉकलेट पुढे, शेवटी सुकामेवा आणि अल्कोहोलची हलकी धग. घटाघटा पिणाऱ्याला यातला पहिलाच अंक बघायला मिळतो.

तीन-चार प्रकार एकत्र चाखायचे असतील तर?

कमी अल्कोहोलकडून जास्तीकडे जा. गोड मिल्क स्टाउट शेवटी ठेवा, नाहीतर तिच्यानंतर सगळ्या आंबट लागतील. प्रत्येकीचे 60-70 मिलिलिटर पुरतात.

हिशेबही करून ठेवा. 330 मिलिलिटरच्या 5 टक्के बिअरमध्ये साधारण 13 ग्रॅम अल्कोहोल असतं, तेवढ्याच 10 टक्के बाटलीत 26. म्हणजे 'एकच तर बाटली' ही दोन बाटल्या असते. यानंतर गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात.

बिअर बिघडली आहे हे कसं कळणार?

ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे हवा लागून शिळी झालेली. सोया सॉससारखा खारट-मांसल वास म्हणजे फार जुनी. व्हिनेगरचा झणका म्हणजे नको ते जिवाणू शिरलेत. वितळलेल्या लोण्याचा वास म्हणजे डायअसेटिल, आंबवण्यात घाई झाली. स्कंक नावाच्या प्राण्याच्या दुर्गंधीशी तुलना होते तो वास उजेडाने येतो : हॉप्समधले कडू पदार्थ प्रकाशाने तुटून गंधकाचं संयुग होतं. तपकिरी काच यापासून बरंच राखते, हिरवी आणि पारदर्शक जवळजवळ नाहीच.

हलका आंबटपणा मात्र दोष समजू नका. काळं माल्ट मुळातच आम्लधर्मी असतं.

नायट्रो म्हणजे काय?

नेहमीच्या बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड असतो, 'नायट्रो' लिहिलेल्या बिअरमध्ये नायट्रोजनही भरतात. नायट्रोजन द्रवात फारसा विरघळत नाही, बुडबुडे बारीक होतात, फेस सायीसारखा येतो आणि जिभेला चावत नाही. गिनेसने ही रीत 1959 मध्ये आणली. चॉकलेटच्या चवीला हा मऊपणा शोभतो, पण वास थोडा दबतो. मला वाससुद्धा हवा असतो, म्हणून मी साधीच घेतो.

सोबत काय खावं?

एक नियम लक्षात ठेवला की चुकत नाही : पदार्थ बिअरपेक्षा गोड नको. अति गोड केकसोबत कोरडी स्टाउट आंबट आणि पातळ लागते. 70 टक्के कोकोचं चॉकलेट, भाजलेले बदाम, खारट निळं चीज, निखाऱ्यावर भाजलेलं मांस किंवा मशरूम हे सगळं जमतं. संत्र्याची साल किसून घातलेला पदार्थ असेल तर फारच छान. व्हॅनिला आइस्क्रीमवर ही बिअर ओतणं बालिश वाटतं, पण एकदा करून बघाच.

बाटली पुढच्या हिवाळ्यापर्यंत ठेवू का?

8-9 टक्क्यांच्या वर असेल तर ठेवा : अंधारात, थंड जागी, उभी. आडवी ठेवली की तळाचा गाळ ओतताना ग्लासात येतो. कडूपणा मावळतो, मनुका-काकवीची चव वर येते. पण खरा कोको घातलेला असेल तर त्याचा ताजा वास काळाबरोबर विरतो. म्हणून माझा सल्ला, दोन घ्या : एक आत्ता, एक पुढच्या वर्षी. 5 टक्क्यांची असेल तर कशाला ठेवता? पिऊन टाका.

कॅफिन, दूध, ग्लुटेन?

कोको असेल तर थिओब्रोमिन हा कॅफिनचा भाऊबंद आणि किंचित कॅफिन येतं, पण झोप उडेल इतकं नाही. कॉफी घातलेली स्टाउट ही निराळी गोष्ट. लॅक्टोज न सोसणाऱ्यांनी आणि वीगन मंडळींनी मिल्क स्टाउट टाळावी. जव आहे म्हणजे ग्लुटेन आहेच.

कुत्र्याला एक थेंब चाटू दिला तर?

नको. चॉकलेट, हॉप्स आणि अल्कोहोल, तिन्ही त्याला विषारी. जमिनीवर सांडली तर लगेच पुसा.

अर्धी बाटली उरली. काय करू?

घट्ट बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशी वायू बराच गेलेला असतो, पण चव शाबूत असते. चॉकलेट केकच्या पिठात दूध किंवा पाण्याऐवजी घाला, कोकोचा रंग आणि वास दोन्ही खोल होतात. फक्त आधी उकळून आटवू नका, कारण पाणी उडतं आणि कडूपणा दाटून बसतो. आणि भट्टीत अल्कोहोल पूर्ण उडतो हा समज खरा नाही : अर्धा तास भाजल्यावरही सुमारे एक तृतीयांश शिल्लक राहतो. तेव्हा घरात लहान मुलं असतील तर त्यांच्यासाठी वेगळा केक करा.